आईंच्या नावाचा रिपोर्ट

आमच्या लॅबमध्ये मोबाइल आत नेता येत नाही. बोईसरच्या एका औषध कंपनीत मी दिवसभर नमुने तपासते. त्या दिवशी सुपरवायझर काचेपलीकडून हाताने बोलवायला लागले, तेव्हा मी चिडूनच बाहेर आले, कारण हातातलं काम अर्धवट राहिलं होतं. फोनवर नितीन होता, माझा नवरा. "आय गेली," एवढंच म्हणाला. पालघरच्या बाजारात मासळी विकता विकता सासूबाई बसल्या जागी कलंडल्या होत्या. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? रिपोर्ट अजून आला नाही, हे! माणूस गेलं आणि ही बया रिपोर्टचा विचार करतेय... पण तो रिपोर्ट त्यांचाच होता.

मी घाटावरची, लग्न करून सातपाटीत आले. मथुराबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, पहिल्याच आठवड्यात माझी फिरकी घेतली. "बाटल्या तपासते नि ताजा बोंबील वळखत नाय!" मीही काही ऐकून घेणारी नव्हते, आमची रोज जुंपायची. मग मला दिवस राहिले आणि गेले. पुन्हा राहिले, पुन्हा गेले. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. वय आहे तुमचं, पुन्हा प्रयत्न करा." का होतं, ते कोणी सांगेना. म्हणून तिसऱ्या वेळी मीच खाजगी लॅबमधून एक डबी आणून ठेवली. देव न करो, पण पुन्हा तसंच झालं तर जे पडेल ते त्या डबीतून तपासायला पाठवायचं. आईंना मी हे दहादा बजावलं होतं.

दहाव्या आठवड्यात घरीच झालं. मला ग्लानी आली होती. जागी झाले तर डबी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली. आईंनी हळद-तांदूळ वाहून बाळाला मागच्या माडाखाली पुरलं होतं. "लेकराला डबीत भरून गावोगाव धाडू? आमच्यात मातीला देतात." मी किंचाळले, "तुम्ही माझं उत्तर पुरलंत!" त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

मग एका दुपारी कोलंबी सोलता सोलता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "नितीनच्या आधी माझी चार गेली." मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. "मथी पोरं खाते, म्हणायचे. पोटुशी असताना टोपली डोक्यावर घेऊन रेतीतून धावायची मी... त्याच्यानं गेली असतील. मला कोणी डबी नाय दिली." इतकी लाज वाटली मला! एवढ्या वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही तीन आठवडे तोंड फिरवून बसले होते.

नंतर आम्हा दोघांच्या तपासणीसाठी त्याच हात धुऊन मागे लागल्या. नितीन "मला काय धाड भरलीय?" म्हणत टाळाटाळ करत होता. "दर्याला भीत नाय नि सुईला भितोस, मेल्या?" असं म्हणून त्यांनीच त्याला रिक्षात कोंबलं. आम्हा दोघांचं रक्त तपासलं. माझं ठीक होतं. नितीनच्या गुणसूत्रांतल्या दोन तुकड्यांनी आपसात जागा बदलल्या होत्या. डॉक्टरबाईंनी कागदावर रेघा काढून समजावलं, की त्याला स्वतःला काही त्रास नाही, पण अशाने काही गर्भ टिकत नाहीत, काही टिकतात. बऱ्याचदा हे आई किंवा वडिलांकडून येतं. सासरे तर कधीच गेलेले. आईंनी विचारलं, "म्हंजे माझ्याकडनं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "तपासल्याशिवाय कसं सांगू?" आईंनी हात पुढे केला. "शिंगाळा माशाचे काटे खाल्लेत या हातानं. टोच."

परत सातपाटीला रिक्षातून उतरताना त्या म्हणाल्या, "रिपोर्ट आला का पयला मला सांग. माझ्याकडनं असंल तरी सांग. टोपलीनं गेली का कशानं, तेवढं कळू दे मला." मी हो म्हणाले. त्यानंतर अकराव्या दिवशी त्या गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर मी रिपोर्ट आणायला रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट आल्यात का?" मी म्हणाले, "नाही आल्या." पाकीट तिथेच उघडलं. तेच दोन तुकडे, तशीच अदलाबदल. जन्मापासूनची. टोपलीने नाही, रेतीने नाही, कुणाच्या शापाने नाही. बाकड्यावर बसून मी मोठमोठ्याने रडले. लोक बघत होते, बघू देत!

पाकीट हातात घेऊन तशीच बाजारात गेले. का गेले, सांगता येणार नाही. त्यांना सांगायचं कबूल केलं होतं आणि दुसरीकडे कुठे जाणार? आईंची जागा शेजारच्या जनाबायने मोकळी ठेवली होती. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. तिचा कोयता थांबला.

"मंग मथीनं काय केलंच नव्हतं?"

"काहीच नाही."

जनाबायने कोयता खाली ठेवला. मग म्हणाली, "पोरं खाते म्हणणाऱ्यांत मी पण होते गो..." डोळे पुसायला हात उचलला, तर हाताला खवले लागलेले, तो तसाच खाली घेतला. रांगेतल्या बाकीच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. तिने आईंच्या जागेवर पाट सरकवला.

"हितं बस," ती म्हणाली, "नि मोठ्यानं वाच."