कानशीचा आवाज

फिटरचं काम शिकवणाऱ्या मास्तरांचा भरवसा डोळ्यांपेक्षा कानांवर. वर्कशॉपमध्ये पाठ फिरवून उभे राहिले, तरी कोणाची कानस लोखंडावर सरळ चालतेय आणि कोण नुसतं खरडतंय, हे ते आवाजावरून सांगत. मग साथ आली, शाळा बंद झाली आणि वर्कशॉप फोनमध्ये जाऊन बसलं.

जेवणाच्या टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये मास्तर डोळे ताणून बघायचे. पलीकडे गॅरेजवाल्याची मुलगी. तिने बापाच्या वाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळलेला. तो घासून चारी बाजूंनी काटकोनात आणायचा, हीच परीक्षा. बापाने बजावलं होतं, या खेपेला नापास झालीस तर शाळेतून नाव काढतो, मुकाट्याने गल्ल्यावर बस.

परीक्षेच्या दिवशी चित्र सारखं गोठत होतं. कानशीचा आवाज तर मुळीच नाही.

"थांबलीस का गं?"

"नाही सर, घासतेय की."

"मग ऐकू का येत नाही? मला बहिरा समजतेस?"

"घाम फुटलाय हो सर."

"घाम काय, उन्हात बसलं तरी फुटतो."

तासभर हेच. शेवटी मास्तरांचं डोकं सणकलं. त्यांनी ऑफिसला कळवून टाकलं: काम केले नाही, नापास.

संध्याकाळी सुनेने ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाबा, फोन फक्त बोलणं पुढे पाठवतो. खरखर, घरघर आली की गोंगाट समजून गाळून टाकतो."

"कानशीचा आवाज म्हणजे गोंगाट?"

"त्याला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी मुलीने तुकडा मास्तरांच्या फाटकावर ठेवला आणि चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. मास्तरांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडात धरला. कानस भरपूर चालली होती, त्यात शंका नाही. पण एका बाजूला फट दिसत होती. उजव्या हाताचा भार जास्त पडलेला. वर्कशॉपमध्ये त्यांनी तिला लगेच टोकलं असतं. इथे ती चूक घोटून पक्की करत गेली, आणि मास्तर तिला कामचुकार म्हणत बसले.

"मेहनत केलीयस," ते म्हणाले. "पण वाकडी केलीयस."

"मग पास का नापास?"

"नापास."

तिच्या तळहातावर फोड आले होते. ते तिने दाखवले नाहीत, मास्तरांना दिसले.

त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. "पोरगी राबलीय. चुकत होती ते मला ऐकूच आलं नाही. नाव काढू नका."

"मास्तर, पुढे तरी ऐकू येणार आहे का?"

"फाटकालाच वाइस बसवतो. ती बाहेरून घासेल, मी आतून ऐकेन."

"आठवडाभर पाठवतो. जमलं तर जमलं, नाहीतर गल्ला आहेच."

बिघडलेला हात आठवड्यात सरळ होत नाही, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ते म्हणाले, "उद्या सकाळीच पाठवा."