नाव न घेता म्हटलेला धवला

धनेशभाऊजींचं नाटक शुक्रवारी उभं राहायचं. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात आणि भाऊजी मजीदशेठच्या कारखान्यात मेहताजी; कामगारांच्या शिफ्ट लावण्यापासून तयार कापड तपासण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. बंद लूमच्या दोन रांगांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. तालीम तिथेच. त्यामुळे त्यांच्या नाटकातली माणसं घोळक्याने कधी उभी राहिलीच नाहीत, एकामागे एक सरळ चालायची. ठाण्याच्या एका परीक्षकांनी याला 'रेषांची रंगभाषा' म्हटलं, तेव्हा मजीदशेठ म्हणाले होते, "मेहताजी, दोन लूम हलवतो, मग तुमची भाषा आडवी पण चालेल."

भाऊजी माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. अंजूरला आमची दारं समोरासमोर. मराठी घेऊन बी. ए. झालेली आमच्या आळीत आम्ही दोघंच, म्हणून नाटकाचं काहीही सुचलं की ते माझ्या ओट्याशी यायचे. पंचवीस वर्षांत नऊ नाटकं, सगळी कवितेत. नट म्हणजे कुणी लूमवर, कुणी रिक्षावर. कशेळीच्या गोदामात सुपरवायझर असलेला प्रितेश तर पहिल्या दिवशी म्हणाला होता, "सर, सरळ बोललं तर न्हाय चालनार?" भाऊजी चिडले नाहीत. म्हणाले, "ओळ संपली की श्वास संपला पाहिजे. श्वास उरला, तर तू खोटं बोलतोयस."

हे श्वासाचं गणित त्यांनी कुठून आणलं ते मला माहीत होतं. त्यांची आई, राहीबाईकाकी, धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी धवलारीण गाण्यातून पुढे नेते; ती गाते ते धवले. काकींच्या घराण्यात एक रीत होती. धवला उचलण्याआधी, तो जिच्याकडून घेतला तिचं नाव घ्यायचं. काकी म्हणायच्या, "कमळाआयचं देनं," आणि मगच तोंड उघडायच्या. कमळाआय त्यांची गुरू. जाऊन चाळीस वर्षं झाली, पण काकींनी एकाही मांडवात ते नाव चुकवलं नाही.

गावातली शेतं गोदामांना जाऊ लागली तेव्हा भाऊजींना 'बांधापलीकडे' सुचलं. शेताचं गोदामाशी लग्न लागतं, असं नाटक. मला म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे. आई म्हणेल तसं उतरवून द्या." आठ दुपारी काकी लसूण सोलत म्हणत गेल्या आणि मी लिहीत गेले.

उठ गो पोरी, उंबरा वलांड,
मागं नको बघू, मागं काय न्हाय,
मागं जे होतं, ते तुझ्यासंगं हाय.

भाऊजींनी 'पोरी'चं 'शेता' केलं आणि 'उंबरा'चा 'बांध'. बाकी ओळ तशीच.

नाटक स्पर्धेत पहिलं आलं. पत्रिकेवर लेखन आणि दिग्दर्शन धनेश मढवी. खाली आभारात सुवाच्य लेखनासाठी माझं नाव. अक्षर काढणारीचं नाव छापलं होतं, शब्द देणारीचं नव्हतं. मी ती पत्रिका माहेरी नेऊन दाखवली. हे लिहिताना आज कानशिलं तापतात, पण दाखवली. बक्षीस देताना परीक्षकांनी विचारलं, "ही लय कुठून आली?" तिसऱ्या रांगेत काकी बसलेल्या. भाऊजी म्हणाले, "वाचनातून. देशोदेशीच्या काव्यनाट्यांच्या अभ्यासातून." परतताना रिक्षात काकी एवढंच बोलल्या, "चांगला बोललास. माना हालवत होते सगले."

त्यानंतर भाऊजींचं नाव झालं. शिबिरांना बोलावणी आली, पुढच्या चार नाटकांतही काकींच्या ओळी गेल्या. दर वेळी मी विचार करायची, या वेळी सांगतील. दर वेळी वही मात्र मुकाट्याने द्यायची.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींच्या ऋतिकाचं लग्न झालं. काकींचा आवाज बसला होता, म्हणून त्यांनी आपली शिष्या हिरूबाई हिला उभं केलं. सकाळची हळद. पाटावर ऋतिका, समोर भाऊजी, हळदीची वाटी माझ्या हातात, मांडवात अख्खी नाटकमंडळी. हिरूबाई म्हणाली, "राहीबाईचं देनं, कमळाआयचं देनं," आणि तिने उचललं, "उठ गो पोरी, उंबरा वलांड..."

प्रितेशने हसून हाळी दिली, "ओ मावशी! हे तर आमच्या सरांचं! तिसरा प्रवेश! बक्षीस हाय त्याला. ढापलं व्हय?"

नटमंडळी खदखदून हसली. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, "आता धवले पन नाटकातले चोरतात काय?" हिरूबाईचं तोंड उघडंच राहिलं. मोडलेला धवला म्हणजे अपशकुन. तिने काकींकडे पाहिलं, काकींनी भाऊजींकडे. मी वाटीतली हळद ढवळत राहिले. मला सगळं माहीत होतं. भाऊजींनी मान खाली घातली आणि पोरीच्या तळहाताला हळद लावत राहिले, त्याच एका जागी.

काकी उठल्या. बसक्या आवाजात म्हणाल्या, "व्हय रे बाबा. माझ्या पोराच्या नाटकातलंच हाय. आवडलं, म्हनून मीच शिकवलं हिला. हिरू, म्हन पुढं."

हिरूबाईने म्हटलं. लग्न लागलं.

पुढच्या शुक्रवारी भाऊजी माझ्या दारात आले. "वहिनी, कारखान्यात चला. वह्या घेऊन चला." लूमच्या वाटेत मंडळी एकामागे एक उभी होती. भाऊजींनी माझ्या अक्षरातल्या वह्या प्रितेशच्या हातात दिल्या आणि ओळी आईच्या आहेत हे सांगितलं. लांबवलं नाही. प्रितेशने दोन पानं वाचली.

"सर, भर मांडवात मी त्या मावशीला चोर बोललो. तुमच्यामुलं."

"हो."

"आनि तुम्ही ऐकत बसलात."

"हो."

मजीदशेठ दारात उभे होते. या वेळी विनोद न करता त्यांनी दार ओढून घेतलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, त्यामुळे मला जास्तच मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी भाऊजी काकींना म्हणाले, "आये, पुढच्या प्रयोगाला पडद्याआधी तुझं नाव घेईन."

काकी तांदूळ निवडत होत्या. "माझं घेशील. पन तुझ्यापायी मी मांडवात कमळाआयचं नाव पुसलं. तिचं कोन घेईल?"



'बांधापलीकडे'चा तो प्रयोग भिवंडीतच होता. काकी पहिल्या रांगेत, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हिरूबाई. भाऊजी पडद्यापुढे आले. "या नाटकातला धवला राहीबाईंचा. त्यांना तो कमळाआयने दिला. मी दोन शब्द बदलले, एवढंच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागची बाई शेजारणीला म्हणाली, "केवढा नम्र माणूस!"

काकींनी मला कोपराने ढोसलं. "टाल्या कशाला?"

भाऊजी टाळ्या थांबायची वाट पाहत उभे होते. कान लालभडक झाले होते, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "मोठेपणा समजू नका. पंधरा वर्षं मी हे माझं म्हणून मिरवलं. माझ्या पोरीच्या लग्नात या हिरूबाईंना लोकांनी चोर म्हटलं, तेव्हाही मी गप्प बसलो. चोर मी होतो."

आता कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी खोकलं. भाऊजी तसेच उभे. आत जायचं की थांबायचं, हेही त्यांना उमजेना.

काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मांडवात धवल्याआधी करायच्या तसा. बसक्या आवाजात, पण अख्ख्या नाट्यगृहाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घेतलंस नाव? आता उचल."