लवणाला काठ नसतात

अमरावतीत सकाळी पाऊस थांबला. गच्चीवर गेलो तर गल्लीतलं पाणी बांधलेली नाली सोडून, तिरपं, रिकाम्या प्लॉटातून निघालेलं. घरात हाक मारून दाखवावं असं कोणी नाही, म्हणून एकटाच पाहत उभा राहिलो. पाहता पाहता मोजणीची साखळी ओढणारे एक चाचा आठवले.

नोकरीच्या सुरुवातीला मी अकोल्याकडे जमिनीची मोजणी करायचो. बाळापूरचे हे चाचा माझ्यासोबत असत. मी शहरातला, वाहताना दिसेल त्याला नाला म्हणायचो, आणि चाचांना ते सहन होत नसे. पावसासोबत येतो आणि जातो तो ओहोळ, दिवाळीपर्यंत झुळझुळत राहतो तो ओढा, आणि भर उन्हाळ्यात नदीची वाळू उकरल्यावर ओंजळभर भेटतो तो झिरा, असं ते चालता चालता सांगत. एकदा पऱ्हाटीच्या वावरात ते थबकले. मला तिथे जरासा खोलगट भाग दिसला, बाकी काही नाही.

"साहेब, हे लवन हाय. नाल्याले काठ असते, याले नाही. म्हनून मानसाले दिसत नाही. पन पान्याले वाट पाठ हाय. लिवून ठेवा."

ऊन चढलं होतं. मी हसलो आणि नकाशात जमीन सपाट दाखवली.

पुढे शहर तिथवर आलं. वावराचे प्लॉट पडले. त्यातला एक चाचांच्या जावयाने घेतला. चाचांनी परोपरीने अडवलं, तर त्याने कागद पुढे केला, "अब्बा, नकाशात तं सपाट हाय!" तिसऱ्या पावसाळ्यात भर दुपारी पाणी घरात शिरलं. माणसं वाचली, लेकीची शिलाई मशीन, गाद्या, लग्नातली पेटी, सगळं चिखलात गेलं.

कळल्यावर मी गेलो. विटांवर चढवलेल्या खाटेवर चाचा बसले होते, फार थकलेले.

"तो नकाशा माझा होता, चाचा," एवढंच मला म्हणता आलं.

त्यांनी खाटेवर सरकून मला बसायला जागा केली. मग म्हणाले, "मालूम हाय मले. सही ओयखली मी." आणि लेकीला हाक दिली, "साहेबाले चहा ठेव वं."

चाचा गेले, त्यालाही आता वर्षं झाली. काळ माणसाचं पुष्कळ काही पुसून टाकतो. त्या दिवशी त्यांनी दोन कडू शब्द सुनावले असते, तर एव्हाना ते मी विसरलो असतो. न सुनावलेले मात्र अजून ऐकू येतात.