संहितेबाहेरचं बोलणं

हे मी चौथ्यांदा लिहायला बसलो आहे. आधी तीनदा सुरुवात छान जमली, आणि छान जमतेय हे लक्षात येताच मी कागद फाडला. मुळात घोळ झाला तो माझ्या छान लिहिण्यामुळेच.

मी मालवणजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवत असे. सांस्कृतिक विभागही माझ्याकडेच होता. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात आम्ही दरवर्षी एकांकिका न्यायचो. एका वर्षी मी ठरवलं, आपल्या दशावताराच्या पद्धतीचं काहीतरी नेऊ. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. तोंडाला रंग लावता लावता कंपनीचा प्रमुख गोष्ट सांगतो, कोण राजा आणि कोण राक्षस ते ठरतं, आणि पेटी-मृदंग सुरू झाला की ज्याने त्याने आपलं आपण बोलायचं. कालचं बोलणं आज जसंच्या तसं बोलणाऱ्या नटाला लोक कच्चा समजतात.

मुलांना मी एवढीच गोष्ट दिली : राजाला बंदर बांधायचं आहे, किनाऱ्यावरची एक म्हातारी घर सोडत नाही, आणि एक दिवस ती दरबारात येते. म्हातारीचं काम शिरोड्याच्या एका मुलीकडे होतं. दुसऱ्या वर्षाला होती, वडील मासेमारी करायचे. पहिल्याच तालमीत ती राजासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "राजा, तुझ्या वाड्यात समुद्राचो आवाज येता काय रे? येत नाय मां? मगे तुका झोप लागता कशी?"

राजा झालेल्या मुलाने वळून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी भलतंच काही बोलली, आणि त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं.

महोत्सवाचा नियम मात्र होता की संहितेच्या तीन प्रती आधी द्यायच्या, पहिल्या पानावर लेखकाचं नाव घालायचं. संहितेबाहेर बोललं की गुण कापणार. म्हणून मी तालमीत वही घेऊन बसू लागलो. ती बोलायची, मी उतरवून घ्यायचो. घरी जाऊन ते नीट करायचो. परीक्षक मुंबईहून येणार, त्यांना कळावं म्हणून मालवणी कमी केली. दोन-तीन उपमा घातल्या. 'लेखक' या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिताना हात थांबला होता का, असं मी आता स्वतःला विचारतो. थांबला नव्हता. कुणाचं तरी नाव लिहायचं होतं, आणि सर मी होतो.

मग मी तिचंच बोलणं तिला पाठ करायला दिलं.

"सर, ह्यां माझ्या तोंडात बसणा नाय."

"बसव. नियम आहे."

"पण मी असां बोललंय खंय?"

"जवळपास असंच बोललीस."

"जवळपास म्हणजे शेजाऱ्याचां घर, सर. माझां न्हय."

सगळे हसले. मीही हसलो.

आता जे लिहायचं ते इतकी वर्षं मी टाळत आलो. तिला नाटकाचं शिक्षण घ्यायला मुंबईला जायचं होतं. तिच्या वडिलांनी एकदा कॉलेजच्या फाटकात मला थांबवून सांगितलं होतं, "सर, अभिनयाचां बक्षीस गावलां तर धाडतंय. नायतर पोरगी थंय जावन काय करतली?" म्हणजे त्या स्पर्धेवर तिचं काय अवलंबून आहे हे मला माहीत होतं. नंतर मी लोकांना सांगायचो, मला कल्पना नव्हती. ते खोटं आहे.

स्पर्धेच्या दिवशी ती अर्ध्यापर्यंत माझं वाक्यन् वाक्य बरोबर बोलली. मग माझ्या एका उपमेपाशी अडली. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. ती राजाच्या आणखी जवळ गेली आणि मालवणीत, स्वतःचं, त्या क्षणी सुचेल ते बोलू लागली. काय बोलली ते मला शब्दशः आठवत नाही, कारण तेव्हा माझ्या हातात वही नव्हती. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही, एवढं आठवतं.

प्रयोगानंतर चर्चा होती. सगळी मुलं रंग पुसायच्या आधीच रंगमंचावर ओळीने उभी होती. मुख्य परीक्षक म्हणाले, "म्हातारीचं काम आज सगळ्यांत सरस झालं. पण ती संहिता सोडून गेली, आणि नियम तुम्हाला ठाऊक आहे. लेखक कोण?"

मी उभा राहिलो. "संहिता माझी आहे."

"तिने बदल केला तो तुम्हाला विचारून?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच घडलं. 'मुळात हे शब्दच तिचे आहेत, तिला बदलायचा हक्क आहे,' असं एक वाक्य बोललो असतो तर कदाचित तिचे गुण वाचले असते, आणि माझं लेखनाचं पारितोषिक नक्की गेलं असतं. उभं राहता राहता हा हिशेब माझ्या डोक्यात झाला होता. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. सर आता पुढचं बोलतील, अशी वाट बघत होती. मी खाली बसलो.

लेखनाचं पारितोषिक मला मिळालं, अभिनयाचं दुसऱ्या कॉलेजच्या मुलीला. पुढच्या वर्षी आमची शिरोड्याची मुलगी तालमीला आली नाही, मुंबईलाही गेली नाही. एकांकिका माझ्या नावावर छापली गेली. अजून कुठली ना कुठली कॉलेजं ती करतात.

यंदा आमच्याच कॉलेजने स्नेहसंमेलनासाठी ती निवडली आणि प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं. घरात या खोलीतून त्या खोलीत नुसता फिरत राहिलो. शेवटी एसटी धरून शिरोड्याला गेलो. तिची तिथे खानावळ आहे. दुपारची गर्दी ओसरली होती. तिने मला लगेच ओळखलं.

"सर? बसा. बांगडो आसा, सुरमई संपली."

मी जेवायला आलो नाही म्हटलं आणि पिशवीतून छापील एकांकिका काढली. ती हात पुसून उभ्याउभ्याच वाचू लागली. मध्येच हसली.

"ह्यां 'लाटांचे पैंजण' कोणाचां?"

"माझं."

"तरीच. म्हातारे बायलेच्या तोंडात पैंजण! सर, माझां नाव ह्या पुस्तकार घालू नकात हां. ह्यां तुमचांच ऱ्हवांदे."

"मग मी काय करू? विद्यापीठाला पत्र लिहिलंय, पारितोषिक परत घ्या म्हणून."

"पत्र कोण वाचता?" तिने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "तेव्हा सगळ्यांसमोर बोललास मां? आता पण सगळ्यांसमोर बोला. मी येतंय आयकूक."

ती खरंच आली. मागच्या रांगेत बसली. भाषणात मी सगळं सांगितलं : शब्द तिचे होते, मी उतरवून घेतले, परीक्षकांसमोर गप्प बसलो, त्यापायी तिचं बक्षीस गेलं. मी थांबलो तशी टाळी वाजली, आणि वाजतच राहिली. काही मुलं उभी राहिली. प्राचार्य माईकवर म्हणाले, "लेखक असूनही सगळं श्रेय विद्यार्थिनीला देणं, याला म्हणतात मोठेपणा." मला शाल घातली. तिला कुणी पुढे बोलावलं नाही. मीही बोलावलं नाही. शाल खांद्यावर सावरत मी उभा होतो.

बाहेर ती मला फाटकात भेटली.

"बरां बोललास."

"लोकांना कळलंच नाही ग."

"कळात कसां? परत एकदा तुमीच बक्षीस घेवन इलास." तिने माझ्या शालीकडे बघितलं, हसली, आणि रिक्षात बसून गेली.

म्हणून हे लिहितो आहे. विद्यापीठाला आणि त्या एकांकिकेच्या प्रकाशकाला पाठवलेल्या पत्रांत तिचं पूर्ण नाव आहे. हे लिहिण्याआधी मी तिला फोन करून विचारलं, तर इथे घालू नका, गिऱ्हाइकं विचारीत बसतात, असं ती म्हणाली. ही एकांकिका करणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे की छापील संवाद पाठ करू नका. गोष्ट घ्या आणि आपलं आपण बोला. आणि त्या दिवशी सभागृहात जे होते त्यांनी कृपा करून समजून घ्यावं की तो मोठेपणा नव्हता. परीक्षकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. बक्षीस मला हवं होतं म्हणून बोललो.