सेंट लावून मुलगी पाहायला

समस्त कुटुंबाला गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मुलाने उन्हाळ्यासाठी आणलेली लिंबाच्या वासाची स्वस्त सेंटची बाटली या घरात कोणीही उघडू नये. मी उघडली, आणि थेट ऐंशीच्या दशकातल्या सिंदेवाहीच्या एका अंगणात जाऊन पडलो.

मुलगी पाहायला गेलो होतो. मूल गावच्या बाजारात तिला दुरून पाहिलेलं आणि ती मनात भरलेली, त्यामुळे तिचा होकार हवाच होता. मे महिना, एसटीचा घाम, म्हणून असलाच सेंट शर्टभर ओतलेला. खाट टाकली होती चिंचेखाली, आणि वर मधमाश्यांचं पोळं! पोळ्याखाली वास लावून बसू नये, हे तिथल्या शेळीलाही ठाऊक.

ती पोहे घेऊन आली, तोच पहिली माशी माझ्या कानाला डसली. मागून त्या माशीच्या बहिणी आल्या. "हलू नका, भाऊ!" असं ओरडत मुलीचे वडील स्वतःच घरात पळाले. मी थिजलो. स्थळ गेलंच!

तिनं बशी फेकली, माठावरचं ओलं गोणपाट माझ्या डोक्यावर टाकलं आणि मला आत ओढलं. गोणपाटाला ओल्या मातीचा गार वास होता. आज तोच जास्त आठवतो. पाहुण्यांसमोर मुलीनं तोंड उघडायची रीत नव्हती. ती मात्र मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, मले हा पसंत आहे! पर पयले याले धुऊन काढा!"