आई काय म्हणते

नंदूदादा गेल्याचा फोन रोह्याहून आला, तेव्हा मी त्याच्यावर चिडूनच बसले होते. आपल्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय, अखेर येतोय... म्हणून आदल्या संध्याकाळी त्याला पोस्टरचा फोटो पाठवला होता आणि पठ्ठ्याने तो उघडूनही पाहिला नव्हता. कंपनीत शिफ्ट असेल, असं स्वतःला समजावत मी त्याला मनातल्या मनात झापत होते. तो त्या वेळी हॉस्पिटलात होता.

नंदू माझा मावसभाऊ. मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीजेला तोच पेणला यायचा. ओवाळून झालं, करंज्यांचा फडशा पाडून झाला, की पिशवीतून सीडी काढायचा. दिवाळीला उशिरा घरी पोचणाऱ्या मुलाचा तो सिनेमा आम्हाला तोंडपाठ होता, एक जागा सोडून. शेवटी मुलगा दारात येतो, आई पाठमोरी उभी असते आणि नेमका तिथे आवाज जायचा. दादाने सीडीला टूथपेस्ट चोळून पाहिली, मग बाजारातून दुसरी आणली. तिच्यातही तेच. "हीबी त्याच खराब सीडीवरून काढलेली हाय गो," म्हणत त्याने दुकानदाराचा उद्धार केला. पुढे त्या जागी आईचं बोलणं तोच म्हणायला लागला, थेट मावशीच्या आवाजात. "आलास? मेल्या, पाय धू आधी." सगळं घर हसून लोळायचं. मोबाइलवर त्या सिनेमाची गाणी सापडायची, सिनेमा नाही. "दुसऱ्या भागात मागचा सीन दाखवतील बघ, तेव्हा कळेल ती खरं काय बोलते," हे त्याचं दरवर्षीचं. दुसरा भाग आधी येतो की वर्षानुवर्षं रखडलेला आमच्याकडचा हायवे आधी पुरा होतो, यावर आमची पैज लागलेली.

दादाचं बारावं झालं आणि थोड्याच दिवसांत सिनेमा लागला. माझी जायची इच्छा नव्हती. वहिनी म्हणाली, "तू बघून ये गो. त्यांचा जीव अडकला होता त्यात." मग त्याच्या लेकीला, तनुजाला घेऊन गेले. इतकी वर्षं लावून काय केलं होतं यांनी? आईला भिंतीवरच्या फोटोत घातलं होतं आणि मुलाला परदेशात नाचवलं होतं. मी धुसफुसत बसले होते आणि एकदम तो जुना सीन आला. तेच दार, तोच मुलगा. या वेळी मात्र आई समोरून दिसत होती. आवाज गेला.

"आत्या, इथलाबी आवाज गेला काय?" तनुजा कुजबुजली.

"नाय गो. ती बोलतच नाय."

आईचे ओठ घट्ट मिटलेले होते. मुलाकडे न वळता ती नुसती रडत होती. म्हणजे आमची सीडी धडधाकट होती. दुकानदार बिचारा फुकट शिव्या खात होता. मला इतका संताप आला... हे ऐकून जो पोट धरधरून हसला असता आणि नंतर "नाय, ती बोलते, यांनी कापलंय" म्हणून तासभर भांडला असता, तोच नव्हता. सिनेमावाल्यांनो, एवढं थांबायला लावलंत, थोडं लवकर आला असतात तर काय बिघडलं असतं? आणि तू तरी, दादा...

परवा तनुजा पेणला आली. सीडी माझ्याकडेच राहिली होती, ती लावली. मुलगा दारात आला, आई पाठमोरी उभी राहिली. तनुजाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दादाचं ते 'आलास? मेल्या' दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही. तो सीन जसा काढला होता तसा या घरात आम्ही पहिल्यांदाच पाहिला. मला तो अजिबात आवडला नाही.