रिकाम्या ड्रमचा दाखला

‘रिकामा’ हा शब्द कानावर पडला तरी मला आता नकोसं होतं. लोक रिकामा वेळ म्हणतात, रिकामा डबा म्हणतात, आणि मला दिसतात ते निळे ड्रम. मी उल्हासनगर-अंबरनाथकडच्या एका पालिकेत परवाना विभागात कारकून होते. कोणत्या पालिकेत ते सांगत नाही. सांगून कुणाचा डोळा परत येणार नाही.

पेट घेईल किंवा माणसाला इजा करील असं काही गोदामात साठवायचं असेल, तर पालिकेत फी भरून दरवर्षी परवाना घ्यावा लागतो. कशाला कोणती फी, याचा एक तक्ता आमच्या टेबलाच्या काचेखाली होता. तो कोणत्या काळात केला कुणास ठाऊक. त्यात सरपण होतं, गवत होतं, काथ्या, रॉकेल, फटाके, आणि सगळ्यात खाली ‘रिकामे डबे व ड्रम’. ॲसिडचं नाव नाही, थिनरचं नाही, कॉस्टिकचं नाही. खिडकी उघडली की कारखान्यांचा, घसा खवखवेल असा वास आत येतो, आणि आम्ही बसलोय गवताची फी घेत. तेव्हा मला हसू यायचं. आता त्या हसण्याचीसुद्धा किळस येते.

पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कनी मला शिकवलं. “केमिकल लिहिलंस की फाइल प्रदूषणवाल्यांकडे, तिकडून सुरक्षावाल्यांकडे, तिकडून औद्योगिक वसाहतवाल्यांकडे. सगळ्यांचं सहकार्य घ्यायचं म्हणजे दोन वर्षं गेली. फीपण गेली. रिकामे ड्रम लिहायचं. फी आपली, मार्चचं टार्गेट पुरं, डोक्याला शॉट नाही.” मी मान डोलावली. नोकरी नवी होती, आणि खोटं सांगायचं कशाला, मला ते हुशारीचंच वाटलं.

दाखल्याचा छापील नमुना होता. ‘समक्ष जागेची पाहणी केली असता’ हे शब्द आधीच छापलेले. पुढे मोकळी जागा. तिथे मी लिहायची, ‘फक्त रिकामे ड्रम आढळले’. खाली रकाना, ‘घातक पदार्थ’. त्यात लिहायची, ‘निरंक’. सरकारी कागदात ‘काही नाही’ असं कुणी म्हणत नाही, निरंक म्हणतात. कसा स्वच्छ, धुतल्यासारखा शब्द आहे. शाळेत मला सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं होतं. त्या अक्षरात मी किती वेळा निरंक लिहिलं असेन, देव जाणे. आमच्या घरात देव मानत नाहीत, तेव्हा तोही जाणत नसणार.

हे ड्रम काय असतात ते आमच्या बुवापाड्यातल्या कुणालाही विचारा. दारोदार एक निळा ड्रम आहे. पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून साठवायला तो हवाच. कारखान्यातून माल संपलेला ड्रम भंगारात निघतो, शेडवर धुतला जातो, उल्हासनगरच्या बाजारात येतो, तिथून आमच्या दारात. ड्रम घरी आणला की त्याला तीन पाणी द्यायची पद्धत आहे. म्हणजे तीनदा भरायचा, तीनदा ओतून द्यायचा, चौथं पाणी प्यायचं. ही पद्धत कुणी घालून दिली विचारू नका. चौथ्या पाण्यालाही वास असतोच, पण तीन पाणी दिलेत ना, मग झालं. आमची सगळी सुरक्षा ती एवढी.

माझी वहिनी अशाच एका शेडवर ड्रम धुवायला जायची, अंबरनाथ पूर्वेच्या पार टोकाला. भाऊ गेला तेव्हा मी अकरावीत होते. वहिनी माहेरी परत गेली असती तरी कुणी बोट ठेवलं नसतं. ती राहिली. ड्रम धुऊन तिने मला पदवीधर केलं, पालिकेच्या परीक्षेचा क्लास लावला, आणि नोकरी लागली तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. विहारात बायकांना सांगायची, “आमची बाय शिक्का मारते.”

म्हणूनच शेडचा परवाना काढायची वेळ आली, तेव्हा शेठने अर्ज तिच्याच हाती दिला. ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली, साडीचा पदर नीट करून. मागे शेठ होता. “मॅडम, खाली ड्रम हैं,” तो म्हणाला. “अंदर क्या है? हवा है.” वहिनी हसली. “आमच्या शेठचं काम लवकर कर गं बाय,” ती म्हणाली. बाकीच्यांना महिना लागतो ते काम मी एका दिवसात केलं. आढळले, निरंक, सही, शिक्का. तिने दाखला हातात घेऊन माझ्या अक्षरावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते घडलं. एका ड्रमचं बूच तिने उघडलं आणि आत पाण्याची नळी सोडली. आतून फसफसून जे उसळलं ते थेट डाव्या डोळ्यात. शेठ म्हणाला, कुछ नहीं होता, पानी मारो. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारी एक बाई तिच्याबरोबर कामाला होती. तिने मात्र वहिनीची मान धरून नळाखाली घातली आणि कुणाचं न ऐकता कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. दाखल्याबिखल्याशी तिचा काही संबंध नव्हता. त्या सगळ्या प्रकारात आपलं काम केलेली तेवढी एकच बाई.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर डोळा धूत होते आणि एकच विचारत होते. “ड्रममध्ये काय होतं? ॲसिड का अल्कली? नक्की काय ते कळलं तर बरं.” शेठला फोन लावला. तो म्हणाला, ड्रम तो खाली था. मी म्हटलं, मी शोधून काढते. मी परवाना विभागातली बाई, मला कोण नाही म्हणणार?

सगळेच म्हणाले. कोणत्या कारखान्यातून ड्रम येतात, एवढंच मला हवं होतं. प्रदूषणवाल्यांनी विचारलं, “तुमच्या रेकॉर्डला काय आहे? रिकामे ना? मग आमच्याकडे नोंद कशी असेल, मॅडम?” सुरक्षावाले म्हणाले, शेड म्हणजे कारखाना नव्हे. वसाहतवाले म्हणाले, शेड आमच्या हद्दीबाहेर आहे. प्रत्येकाने अगदी गोड आवाजात कानावर हात ठेवले, आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी. माझा स्तर! शेवटी मी माझ्या स्तरावर फाइल काढली आणि त्यात मला माझंच अक्षर दिसलं. तो कागद तिथेच टरकावून खावा असं वाटलं मला. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, असं आम्ही ऑफिसात हसत म्हणायचो. ती म्हण आता मी तोंडातून काढत नाही.

डोळा गेला.

मग सगळ्या खात्यांची संयुक्त बैठक झाली. सगळे आले, कारण नाश्ता होता. मी इतिवृत्त लिहायला बसले होते. समोसे आले, काजूकतली आली. एक साहेब बोटं पुसत म्हणाले, “इन्सिडेंट दुर्दैवी आहे, पण को-ऑर्डिनेशन वाढायला हवं.” ड्रममध्ये काय होतं, हे तिथे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. हेडक्लार्कनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. समन्वय समिती नेमायची ठरली, आणि रिकाम्या ड्रमची फी वाढवायची ठरली. का, तर धोका वाढलाय म्हणून. आभारप्रदर्शनात माझ्या विभागाच्या सहकार्याचा खास उल्लेख झाला. बाहेर येऊन मी मोरीत ओकले. मी काहीच खाल्लं नव्हतं.

वहिनीने कामगार कोर्टात भरपाईचा अर्ज केला होता. शेठच्या वकिलाने तिथे आमचा दाखला पुढे केला. शासनाचा शिक्का आहे, समक्ष पाहणी झाली आहे, घातक पदार्थ निरंक. रिकाम्या ड्रममधून काय उडेल, असं त्याने विचारलं आणि दोघंतिघं हसले. एकच मार्ग होता. पाहणी झाली नव्हती, असं मीच लिहून द्यायचं. हेडक्लार्क म्हणाले, “स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेशील. नोकरी गेली तर तिला कोण पोसणार? विचार कर.” मी विचार केला. आठ दिवस केला. घरी वहिनीला त्यातलं काही सांगितलं नाही, याची लाज त्या सगळ्या साहेबांच्या लाजेपेक्षा मोठी आहे.

रविवारी सकाळी तिने शेठच्या वकिलाकडून आलेली दाखल्याची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. “वाचून दाखव ना बाय. ते लोक कशाला हसले ते तरी कळू दे.” मी वाचलं. समक्ष जागेची पाहणी केली असता फक्त रिकामे ड्रम आढळले. ती ऐकत होती, चांगला डोळा माझ्याकडे करून. “पाहणी म्हणजे?” तिने विचारलं. मी म्हटलं, जाऊन बघणं. तिचा चेहरा एकदम उजळला.

“तू आली होतीस शेडवर?” ती म्हणाली. “अगं, मग मला हाक नाही का मारायची? मी सगळ्यांना दाखवलं असतं तुला.”

आले नव्हते, असं मी तिला सांगितलं. त्यानंतर ती बराच वेळ ड्रममधलं पाणी कळशीत काढत राहिली, कळशी भरून वाहायला लागली तरी. दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य कागदावर लिहून दिलं, त्याच सुंदर अक्षरात. आता चौकशी माझी चालू आहे, कारण खोटा दाखला मी दिला, आणि ते खरंच आहे. वहिनीला चौकशीशी काही देणंघेणं नाही. मी घरी आले की ती एवढंच विचारते, त्या ड्रममध्ये काय होतं ते कळलं का. ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.